वाचक विचारतात : आधी पिक्चर की आधी पुस्तक?

यावेळी टपालात पिक्चर आणि पुस्तकंच जास्त आलीत, ठाण्यात पाऊस असा लागलाय की लोकं घरी बसून दुसरं करणार तरी काय. तीनच पत्रं घेतेय, बाकीच्यांनी रुसू नका.

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते. ऑफिसात आमचा सहा-सात जणींचा वाचनाचा ग्रुप आहे, महिन्याला एक पुस्तक. या महिन्यात 'सिंहासन' ठरलं आणि मी रविवारी घरी त्याचा पिक्चरच बघून टाकला, जाम आवडला. ग्रुपवर सांगितलं तर सगळ्या तुटून पडल्या, तू चीटिंग केलीस, आता वाचून काय उपयोग म्हणे. खरंच मजा गेली का?

उत्तर : अगं काही गेली नाही, वाच बिनधास्त. आणि मैत्रिणींना सांग की तो पिक्चर नुसत्या 'सिंहासन'वर नाहीये, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या आहेत त्याच्यात, दुसरी 'मुंबई दिनांक', दोन्ही मिळून पटकथा लिहिली विजय तेंडुलकरांनी आणि १९७९ मध्ये जब्बार पटेलांनी पिक्चर केला. म्हणजे ज्या फक्त 'सिंहासन' वाचून येणार त्यांचाही अर्धा पेपर कोराच. चीटिंग कसली डोंबलाची!

माझं पण तुझ्यासारखंच झालेलं. मी हा पिक्चर टीव्हीवर आधी बघितला, मग कितीतरी वर्षांनी पुस्तक आणलं, आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून (१८९३ सालचं आहे ते, आपल्याकडे कोणाला कौतुकच नाही). तर त्या प्रतीत माझ्या आधीच्या कोणीतरी पेन्सिलीने मार्जिनमध्ये चक्क कास्टिंग करून ठेवलेलं, मुख्यमंत्र्यांपुढे 'सरनाईक', अर्थमंत्र्यांपुढे 'डॉ. लागू', मध्येच एका ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह. लायब्ररीच्या पुस्तकात लिहिणाऱ्यांचा मला एरवी भयंकर राग येतो, पण खरं सांगू, त्या बाबाने माझं काम सोपं केलं. एवढे मंत्री, एवढे आमदार, कोण कोणाच्या गटातला हे लक्षात ठेवताना डोकं गरगरतं, तिथे ओळखीचे चेहरे असले की बरं पडतं, अर्थमंत्री फोन उचलतो म्हटलं की लागूंचा आवाजच येतो कानात. आणि साधू स्वतः पत्रकार, त्यामुळे मंत्रालयातल्या माणसांची बोलायची तऱ्हा, कोण काय बोलतो आणि काय गिळतो, ते पुस्तकात सावकाश सापडत जातं, पिक्चरला तेवढा वेळच नसतो.

पण हे सगळ्याच पुस्तकांना लागू नाही हं. मिलिंद बोकीलांची 'शाळा' घे. २००४ ची कादंबरी, आपली ठाणे-वाशी लोकल पण २००४ लाच सुरू झाली, आणि माझ्या डोक्यात ती दोन्ही कायमची चिकटलीयेत कारण मी ती त्याच गाडीत वाचली. रबाळ्याला उतरायचं होतं आणि मान वर केली तर कोपरखैरणे, परत उलटी गाडी, ऑफिसला लेट, साहेबांची बोलणी. तर त्यात मुकुंद जोशी, नववीतला, आणीबाणीचा काळ, आणि सगळं तोच सांगतो, 'मी' म्हणून. आता जो 'मी' म्हणतो तो स्वतः दिसतो कसा हे कशाला सांगत बसेल? म्हणून मी त्याला आमच्या वर्गातल्या एका पोराचा चेहरा देऊन टाकला, शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं, मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारा. त्या अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये पोरं बसतात ना, तिथे पण तोच बसलेला असायचा.

मग २०१२ ला सुजय डहाकेंचा पिक्चर आला. चांगला आहे, पोरांनी मस्त कामं केलीत, मुकुंदाला आवडणाऱ्या वर्गातल्या शिरोडकरला बघून तर थिएटरमध्ये माझ्या शेजारचे काका पण हळवे झालेले. पण घरी आले आणि लक्षात आलं की माझा तो मागच्या बाकावरचा पोरगा गायब! आता पुस्तक उघडलं की पिक्चरमधलाच मुकुंद बोलतो. त्या पोराची काही चूक नाही बिचाऱ्याची, पण मला माझावाला परत पाहिजे आणि तो काही येत नाही.

तेव्हापासून माझा आपला साधा हिशोब, माणसांची जत्रा असलेली कादंबरी असेल तर पिक्चर आधी बघितला तरी चालतो, पण एकच कोणीतरी 'मी' म्हणून आपल्या कानाशी बोलत असेल तर आधी पुस्तक. तू जत्रेतली आहेस, सुटलीस.

प्रश्न : मॅडम, मी कळव्याचा, एसवायला आहे. दहा पानं झाली की हात आपोआप मोबाईलकडे जातो. एका दिवसात संपेल असं भारी पुस्तक सांगा ना, जाडजूड नको.

उत्तर : 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. छोटंसंच आहे, रविवारी सकाळी चहा पिऊन घेतलंस तर संध्याकाळी तलावपाळीला भेळ खायला मोकळा. मोबाईल मात्र आईकडे देऊन टाक, उशीखाली ठेवशील तर काही खरं नाही. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळेत पोरं नाहीत, हळूहळू वाडी त्याला आपलं म्हणते, मग दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होत जाते. एवढंच. मोठमोठे शब्द नाहीत, कोणी भाषण ठोकत नाही.

आणि ऐरोलीवाल्या ताईला वर जो हिशोब सांगितला तो इथे गंडतो बरं का! इथेही मास्तर 'मी' म्हणूनच सांगतो, तरी १९९५ चा अमोल पालेकरांचा पिक्चर बघून माझं काही बिघडलं नाही. पटकथा माडगूळकरांचीच होती हे एक, पण मला वाटतं खरं कारण वेगळं असणार, हा मास्तर स्वतःबद्दल बोलतच नाही फारसा, सारखा दुसऱ्यांकडे बघत असतो, कारभाऱ्याकडे, मेंढरांकडे, आभाळाकडे, त्यामुळे त्याला चेहरा द्यावा असं मला कधी सुचलंच नव्हतं. आता जे दिलंच नाही ते हरवणार कसं. तू आधी वाच, पिक्चर नंतर बघ आणि तुझं काय होतं ते मला कळव.

प्रश्न : नमस्कार. मी नेरुळचा, निवृत्त, वय ७१. परवा नातवासोबत 'श्वास' पुन्हा पाहिला आणि मला रडू आवरेना. पुस्तक वाचताना असं मला कधीच होत नाही. नातू घाबरला. वयाचा परिणाम म्हणायचा का?

उत्तर : काका, नमस्कार. वयाचा कसला परिणाम, 'श्वास' २००४ ला आला तेव्हा मी तिशीत होते आणि माझी ओढणी भिजलेली. नातवाची दृष्टी उद्याच्या ऑपरेशनमध्ये जाणार आणि आजोबा त्याला आदल्या दिवशी हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर घेऊन जातो, शहर दाखवायला, आणि तुम्ही ते बघताय कोणाबरोबर, तर स्वतःच्या नातवाबरोबर! नाही रडलात तर मी काळजी केली असती.

पुस्तकाचं असं आहे की गळ्याशी आलं की आपण थांबतो, चष्मा काढतो, गॅसवर चहा ठेवतो, कोणाचा फोन येतो, परत बसेपर्यंत पाणी आटलेलं असतं. पिक्चर थांबत नाही आपल्यासाठी. 'श्वास' मुळात माधवी घारपुरे यांच्या कथेवरून केलेला आहे, ती कथा मिळवा आणि एकदा नातवाला मोठ्याने वाचून दाखवा. मोठ्याने वाचताना मध्येच उठून चहा ठेवता येत नाही, मग बघा पुस्तकाने रडू येतं की नाही. आणि नातू परत घाबरलाच तर सांगा की डोळ्यात काहीतरी गेलं. आमचे बाबा प्रत्येक पिक्चरला तेच सांगायचे, आईने शेवटी त्यांना थेटरात न्यायला वेगळा मोठा रुमाल घेतला होता, निळ्या चौकड्यांचा.