गाडीनं उडवलेल्या, मागचे पाय गेलेल्या कुत्रीला कोल्हापुरात चांगलं घर मिळेल का? कसं शोधू?

तुम्ही लिहिलंय की रंकाळ्याजवळ सापडलेली ही कुत्री दीडेक वर्षाची आहे, मणक्याला मार लागलाय, तुमची खोली भाड्याची आहे आणि घरमालकानं गणपतीपर्यंतच मुदत दिलीय. शिवाय ओळखीतलं कुणीतरी म्हणतंय, ‘पन्हाळ्याकडं आमचा मळा हाय, तिथं सोड, मस्त राहील.’ या मळ्यापासूनच सुरुवात करते. तिथं देऊ नका.

मळ्यावर जागा भरपूर असते, पण माणूस नसतो. दिवस मावळला की सगळी गावात परततात. ओल्या मातीत फरफटत फिरून तिच्या मांड्या सोलवटणार. लघवीनं भिजलेल्या जखमेवर माश्या बसल्या की पावसाळ्यात एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. त्यात पन्हाळा-शाहूवाडी पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. धडधाकट कुत्री उचलून नेतो तो, हिला तर पळताही येणार नाही. मळेवाले वाईट असतात असं नाही. या जनावराची गरज वेगळी आहे, एवढंच.

तिला लागतं ते दिवसभर कुणीतरी घरात असलेलं घर. बाकी सगळं नंतर. मागचे पाय गेलेल्या बऱ्याच कुत्र्यांना लघवी आपणहून पूर्ण होत नाही, पोट दाबून काढावी लागते, साधारण दिवसातून तीन-चार वेळा. नाही काढली तर साचते, जंतुसंसर्ग होतो, मूत्रपिंडापर्यंत जातो. त्यामुळे नवरा-बायको दोघं सकाळी शिरोली एमआयडीसीत आणि संध्याकाळी सातला घरी, असं कितीही प्रेमळ घर असलं तरी उपयोगाचं नाही.

आमच्याकडच्या अशाच एका कुत्रीसाठी फोन पुष्कळ आले. ‘अगंबाई, किती गोड, बिचारी’ म्हणणारे सगळे दुसऱ्या दिवशी गप्प. राजारामपुरीतल्या एका ताईंनी मात्र फोनवर पहिलंच विचारलं, “लघवी किती वेळानं काढायची? आणि रात्री?” शिलाईचं काम घरीच, सासूबाईही घरात. मी तेव्हाच मनात ठरवून टाकलं. त्या बघायला आल्या तेव्हा कुत्रीला उभं धरून त्यांचे दोन्ही हात तिच्या पोटाखाली, मागच्या पायांच्या जरा पुढं लावले. भरलेली लघवीची पिशवी पिकल्या पेरूसारखी हाताला लागते. दोन्ही बाजूंनी सावकाश, मागच्या दिशेनं दाबत जायचं, हिसका द्यायचा नाही. पहिल्यांदा काहीच आलं नाही, मग एकदम धार लागली आणि ताईंची साडी भिजली. त्या हसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी जुन्या जीन्सची, पट्ट्यांनी छातीला अडकवायची पिशवी शिवून पाठवली, घरात फरफटताना मांड्या सोलू नयेत म्हणून.

तर जाहिरातीत फोटोखाली रडगाणं लिहू नका. काय काय करावं लागतं ते सरळ लिहा. फोन कमी येतील, पण कामाचे येतील. तुम्ही स्वतः हे काम डॉक्टरांकडून शिकून घ्या, घेणाऱ्याच्या हातून तुमच्यासमोर दोन-तीनदा करून घ्या, आणि आधी पंधरा दिवस ठेवून बघा म्हणा. नाही जमलं तर परत घेईन, हा शब्दही द्या. परत येणारं कुत्रं रस्त्यावर सुटलेल्या कुत्र्यापेक्षा केव्हाही बरं.

‘कायमची अपंग’ असं लिहिण्याआधी डॉक्टरांना एक विचारा, खोल वेदना कळतात का? मागच्या पंजाचं बोट चिमट्यानं दाबल्यावर ती मान वळवून बघते किंवा ओरडते का, हे ते तपासतात. नुसता पाय आखडून घेतला तर ती मणक्यातली प्रतिक्रिया असू शकते, तिच्यावर भरवसा नाही. मान वळवली तर काही आठवड्यांत-महिन्यांत पाय परत येण्याची आशा बरीच जास्त. घेणाऱ्याला यातलं जे असेल ते खरं सांगा.

घर बघायला स्वतः जा. चकचकीत टाइल्सवर पुढचे पायही घसरतात, रबरी मॅट टाकायची तयारी हवी. तळमजला उत्तम, पण आपल्याकडं तळमजला म्हटलं की पंचगंगा आठवावी लागते. 2019 आणि 2021 ला शुक्रवार पेठ, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्लीत काय झालं ते माहीत आहेच. पूर आला तर हिला उचलून कुठं नेणार, हे विचारायला लाजू नका. भाड्याचं घर असेल तर मालकाशी तुम्ही स्वतः बोला, नाहीतर आज तुमच्यावर आलीय तीच वेळ त्यांच्यावर येईल.

चाकांची गाडी लगेच घेऊन देऊ नका. पाठ भरून आल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा, मापानुसार. तीही फिरण्यापुरतीच, कारण गाडीत तिला नीट आडवं होता येत नाही. पीव्हीसी पाइपची इथं कुणीही प्लंबर करून देईल. नसबंदी, रेबीज आणि सेव्हन-इन-वन लस मात्र देण्याआधी उरकाच. त्यातला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) लघवीतून पसरतो आणि इथं रोज लघवीतच हात घालायचाय, म्हणून हातमोजेही द्या.

पुण्या-मुंबईहून मागणी आली तर नाही म्हणू नका. पण महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे मिळाला नाही तर कुत्रं गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातं, आणि रात्रभर लघवी कोण काढणार? कारनं न्या, आणि साताऱ्याला चहाला थांबाल तेव्हा तिची लघवी काढून घ्या.