रोमचा ‘डिक्टेटर’ हुकूमशहा होता का?

‘सिनसिनेटस आणि ज्युलियस सीझर या दोघांनाही मराठीत हुकूमशहा म्हणावे का?’ असा प्रश्न आहे. माझ्या मते सिनसिनेटसला तो शब्द मुळीच लावू नये, आणि सीझरलाही तो अखेरच्या टप्प्यातच शोभतो.

प्रजासत्ताक रोममध्ये ‘डिक्टेटर’ हे रीतसर पद होते. एरवी सत्ता दरवर्षी निवडून येणाऱ्या दोन कॉन्सलांकडे असे आणि एकाचा निर्णय दुसरा अडवू शकत असे. परंतु राज्यावर मोठे संकट आले की सिनेटच्या सूचनेवरून कॉन्सल एका व्यक्तीला डिक्टेटर नेमत असे, तेही जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. इ.स.पू. ४५८ मध्ये शेतावरून बोलावून आणलेल्या सिनसिनेटसने युद्ध जिंकून सोळाव्या दिवशी पद सोडले, असे रोमन परंपरा सांगते. ‘हुकूमशहा’तला ‘शहा’ म्हणजे फारसीतला राजा, आणि इ.स.पू. ५०९ मध्ये राजाला हाकलून दिल्याचा अभिमान बाळगणाऱ्या रोमनांना तर राजा हे नावही सहन होत नसे.

शब्दाला आजचा वास लागला तो रोमन सेनापती सुल्लापासून. सैन्य घेऊन रोममध्ये शिरल्यावर इ.स.पू. ८२ मध्ये त्याने हे पद मुदतीविना मिळवले आणि विरोधकांच्या नावांच्या याद्या जाहीर लावून त्यांना मारण्याची मुभा दिली. तरीही पुढे तो पदावरून स्वतःहून उतरला. सीझर मात्र इ.स.पू. ४४ मध्ये आजन्म डिक्टेटर झाला. त्या वर्षीच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचा चेहरा आहे आणि शेजारी ‘डिक्ट पेर्पेतुओ’, म्हणजे आजन्म डिक्टेटर, ही अक्षरे आहेत. जिवंत रोमन माणसाची छबी रोमच्या नाण्यांवर येणे हेच केवढे धाडस होते! १५ मार्चला त्याचा खून झाला आणि त्यानंतर त्याचाच सहकारी मार्क अँटनीने कायद्याने ते पदच रद्द केले.

सीझरचा वारस आणि रोमचा पहिला सम्राट मानला जाणारा ऑगस्टस, त्याने यातून नेमका धडा घेतला. इ.स.पू. २२ मध्ये लोकांनी आग्रह करूनही त्याने डिक्टेटरपद नाकारले आणि स्वतःला ‘प्रिन्सेप्स’, म्हणजे नागरिकांतील पहिला, म्हणवून घेतले. सिनेट, कॉन्सल, निवडणुका हे सारे त्याने नावापुरते राखले. बहुतेक सैन्य ज्या प्रांतांत होते ते प्रांत आणि ट्रिब्यूनचे, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधीचे, अधिकार मात्र स्वतःकडे ठेवले.

म्हणून जुन्या पदासाठी ‘डिक्टेटर’ तसाच लिहावा किंवा ‘आपत्कालीन सर्वाधिकारी’ म्हणावे, आणि ऑगस्टसला ‘सम्राट’ म्हणताना निदान पहिल्या उल्लेखात ‘प्रिन्सेप्स’ हे त्याने निवडलेले बिरुद जरूर द्यावे.