एकाच स्विचवरचे दोन संगणक आणि सीसीएनएची तयारी

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सचा पदविकाधारक असून शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्याच्या कार्यालयात संगणकांची देखभाल पाहतो. नेटवर्किंगमध्ये पुढे जाण्यासाठी सीसीएनए हे प्रमाणपत्र करावे की नेटवर्क प्लस? दुसरे असे, की आमचे १९२.१६८.१०.७० आणि १९२.१६८.१०.१३० हे दोन संगणक एकाच स्विचला (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाला) जोडलेले आहेत, दोन्हींचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.१९२ आहे, तरी एकावरून दुसऱ्याला पिंग (संपर्क तपासण्याचा संदेश) होत नाही. असे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण कोणत्याही परीक्षेची खरी तयारी तिथूनच सुरू होते. आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे तुम्ही दिलेल्यासारखा संगणकाचा क्रमांक, ३२ बिटांचा (० किंवा १ अशा ३२ अंकांचा) असतो आणि त्यातील किती बिटे नेटवर्कची व किती यंत्राची, हे मास्क ठरवतो. तुमच्या मास्कच्या शेवटी असलेला १९२ म्हणजे द्विमान पद्धतीत ११००००००. म्हणजे शेवटच्या आकड्यातील पहिली दोन बिटे नेटवर्ककडे गेली आणि यंत्रांसाठी सहा उरली. त्यामुळे ६४-६४ पत्त्यांचे चार गट पडतात : ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५. प्रत्येक गटातील पहिला पत्ता नेटवर्कचा व शेवटचा ब्रॉडकास्टचा (गटातील सर्वांना एकदम संदेश धाडण्याचा) असल्याने यंत्रांना ६२ मिळतात. तुमचा ७० दुसऱ्या गटात आहे आणि १३० तिसऱ्यात. समोरचा पत्ता परक्या नेटवर्कचा आहे असे दिसताच संगणक त्याला थेट न शोधता माहितीचे पाकीट गेटवेकडे, म्हणजे दुसऱ्या नेटवर्ककडे नेणाऱ्या यंत्राकडे, पाठवतो. स्विच एकच असण्याने यात काही फरक पडत नाही. दोन्ही गटांना जोडणारा राउटर नसेल, तर पिंग होणार नाही.

दोन्ही यंत्रे एकाच विभागाची असतील, तर मास्क २५५.२५५.२५५.० करावा, मात्र तो गेटवे आणि प्रिंटरसह सर्व यंत्रांवर बदलावा. अर्धवट बदल केल्यास एक संगणक दुसऱ्याला जवळचा समजतो, दुसरा मात्र उत्तर गेटवेकडे धाडतो, आणि असा दोष शोधणे फार जिकिरीचे होते.

आता परीक्षांविषयी. नेटवर्क प्लस ही कॉम्प्टिया या संस्थेची परीक्षा कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांशी बांधलेली नाही, तर नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या सीसीएनएमध्ये संकल्पनांबरोबर सिस्कोच्या आज्ञाही याव्या लागतात. प्रत्यक्ष काम करणाऱ्या तुमच्यासारख्याने सीसीएनएच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या परीक्षेला कोणत्याही पूर्वपरीक्षेची अट नाही आणि प्रमाणपत्र तीन वर्षे ग्राह्य राहते. जुनी पुस्तके घेताना सावध राहावे, कारण फेब्रुवारी २०२० मध्ये सीसीईएनटी ही पहिली पायरी बंद झाली आणि दोन भागांत देता येणारी सीसीएनए २००-३०१ या एकाच परीक्षेत आली. अगदीच पहिली पायरी हवी असेल, तर सिस्कोचीच सीसीएसटी नेटवर्किंग ही परीक्षा आहे.

शुल्क भरण्याआधी सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवून पॅकेट ट्रेसर हा संगणकावरच नेटवर्क उभारून सराव करण्याचा प्रोग्राम विनामूल्य घ्यावा आणि तुमच्या कार्यालयातील हीच अडचण त्यात उभी करून आधी मास्क बदलून, मग मास्क तसाच ठेवून व मध्ये राउटर घालून, अशी दोन्ही प्रकारे सोडवून पाहावी.