आयसीयूमध्ये शेवटच्या अवस्थेतल्या पेशंटची काळजी नर्सेसनी अधिक चांगली कशी घ्यावी? त्यासाठी वेगळं ट्रेनिंग हवं का?

ट्रेनिंग हवं, पण घोडं तिथे अडलेलं नाही. डॉक्टर नातेवाइकांना केबिनमध्ये बसवून "आता फारशी आशा नाही" असं सांगतात, तेव्हा नर्सला तिथे बोलावत नाहीत. खरं दुखणं हे आहे. मग रात्री दोन वाजता तेच नातेवाईक काचेच्या दाराशी येऊन विचारतात, "सिस्टर, कसं आहे हो आता?" केबिनमध्ये काय बोलणं झालं हे तिला माहीतच नसतं. ती म्हणते, "सकाळी डॉक्टरांना विचारा." आणि लोक म्हणतात, नर्सेसना काही वाटत नाही.

मी वडोदऱ्यात बरीच वर्षं आयसीयूत काढली, आता निवृत्त आहे. दांडिया बाजारातले एक आजोबा आमच्याकडे होते. जुना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा आजार, त्यात न्यूमोनिया, मग किडन्यांनी साथ सोडली. व्हेंटिलेटरवर होते, सिरिंज पंपावर बीपीचं औषध चालू. डोळे उघडे असायचे, पण ट्यूब ओढायचे म्हणून दोन्ही मनगटं बँडेजने कठड्याला बांधलेली. चार्टवर दर शिफ्टला तेच: 'कन्फ्यूज्ड, सांगितलेलं ऐकत नाहीत.' राउंडला डॉक्टर गुजरातीत म्हणायचे, "काका, हाथ दबावो." आजोबा नुसते छताकडे बघत राहायचे.

आजी बाहेर बाकावर. भेटायची वेळ संध्याकाळची पंधरा मिनिटं, तीही एकालाच, आणि ती मुलगा घ्यायचा, कारण डॉक्टरांशी बोलणं त्याला जमायचं. माझी नाइट होती. आजींशी मराठीत दोन शब्द बोलले, तर त्या म्हणाल्या, "अगं, त्यांना कानाचं मशीन लावलंय ना? त्याशिवाय कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही त्यांना." मशीन अॅडमिशनच्या वेळीच घड्याळ, अंगठी आणि कवळीबरोबर पाकिटात घालून, सही घेऊन मुलाच्या हवाली झालेलं!

मुलाकडून मशीन मागवलं. आजींना हात धुवायला लावले, गाऊन घातला, बेडशी स्टूल दिलं. मशीन कानात बसल्यावर आजी वाकून म्हणाल्या, "लाइटबिल भरलंय. वरच्या भाडेकरूने भाडं दिलंय. पासबुक कपाटात खालच्या कप्प्यात आहे." आजोबांनी मान हलवली. मी त्यांचा एक हात सोडला, थोड्या वेळाने दुसरा. ट्यूबला त्यांनी हात लावला नाही, आजींचा पदर मुठीत धरून झोपले.

पहाटे आजींनी त्यांना विचारलं, "डायलिसिस करायचं म्हणतायत, करायचं का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मी ते वेळेसकट नर्सिंग नोट्समध्ये लिहिलं. सकाळी केबिनमध्ये मुलाशी बोलणं झालं, नोट्स कुणी उघडल्याही नाहीत, मुलाने सही केली आणि डायलिसिस सुरू झालं. हात परत बांधले. त्यातच आजोबा गेले.

मला मात्र मेमो मिळाला, व्हिजिटिंगचा नियम मोडला म्हणून. आमचे प्रमुख डॉक्टर म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात काम करता, इन्फेक्शन कोण निस्तरणार?" पेशंटला ऐकू येतं की नाही हे बघणं ही भावना कशी काय? ते तर असेसमेंट आहे, पहिल्या वर्षाला शिकवतात. आणि इन्फेक्शन मुख्यतः स्टाफच्याच हातांवरून एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जातं. राउंडची अख्खी फौज मधे हात न धुता फिरते, त्याचा मेमो मी कधी पाहिला नाही.

कायदाही असाच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये निरर्थक उपचार थांबवण्याला आणि शेवटी कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, इच्छापत्रावर सहीसाठी मॅजिस्ट्रेटऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. निर्णयासाठी तीन-तीन जणांची दोन मंडळं, दोन्हींत सगळे डॉक्टरच. पेशंटच्या उशाशी शिफ्टभर उभी असते तिला जागा नाही. याच कोर्टाने २०११ मध्ये हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या नर्स अरुणा शानबागच्या खटल्यात तिच्या वतीने बोलायचा हक्क मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या स्टाफला दिला होता, कारण चाळीसच्या आसपास वर्षं तिला त्यांनीच सांभाळलं होतं. तेव्हा नर्सचं म्हणणं ऐकावंसं वाटलं, मग रोजच्या आयसीयूत का नाही?

आता तुमच्या प्रश्नाचं. पेशंट बरा होणार नाही असं फायलीत लिहिलं गेलं, की काय काय थांबवायचं हे स्वतःहून विचारा. सारखं साखरेसाठी बोट टोचणं, रोजची रक्तं, घडीघडी आवळणारा बीपीचा पट्टा, उपयोग उरला नसेल तर ऑर्डर घेऊन बंद करा. बेडजवळच्या मॉनिटरचा आवाज कमी करा, नर्सिंग स्टेशनवरचा चालू ठेवा. तोंड ओलं ठेवा. शेवटी घशात घरघर वाजते तेव्हा सारखं नळीने सक्शन करू नका, कूस बदला, स्राव कमी करणाऱ्या ग्लायकोपायरोलेटबद्दल डॉक्टरांना विचारा. धाप असेल तर मॉर्फिनला घाबरू नका, योग्य डोस बेताबेताने वाढवत दिला तर माणूस त्याने दगावत नाही, त्याची धाप कमी होते. घरच्यांनी गंगाजल आणलं तर स्वॅब ओला करून ओठांना लावा. ट्यूब असली तरी लावता येतं.

सगळीकडे हे जमणार नाही, मान्य आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स हवी, तिथे एका नर्सकडे तीन-चार पेशंट असतील तर तिला दोष देऊ नका. उघडा टीबी किंवा स्वाइन फ्लू असेल, किंवा नातेवाईक हातघाईवर येणारे असतील, तर दार उघडं ठेवता येत नाही. आणि मी पाहिलंय ते खासगी हॉस्पिटल, सरकारीतल्या बहिणींना जास्त माहीत.

पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बरा न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करण्याच्या काळजीचे, छोटे कोर्स आहेत, जरूर करा. करून आलात की इंचार्जकडे पहिली मागणी ही करा, की नातेवाइकांशी बोलणं होईल तेव्हा ड्युटीवरची नर्स तिथे बसेल आणि काय ठरलं ते फायलीत तिच्याही सहीने लिहिलं जाईल. नाही म्हणाले तर ते 'नाही' लेखी मागून घ्या.