किनारी परिसंस्थेच्या व्यवस्थापनात स्त्री-पुरुष समानता म्हणजे नेमकं काय? नाशिककरांचा त्याच्याशी काय संबंध?

मासेमारी म्हटलं की आपल्याला होडी आणि जाळं दिसतं, आणि होडीवर बहुतेक पुरुषच असतात. पण ओहोटीला खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून तिसऱ्या (एक प्रकारच्या शिंपल्या) वेचणाऱ्या, खडकावरची कालवं फोडून काढणाऱ्या बहुतेक बायकाच. नाशिकच्या बाजारात आपण सुकट, सुके बोंबील घेतो, त्यांच्या वाळवणामागेही बायकांचेच हात असतात. परवाना मात्र होडीला. मग खाडीत भराव पडला, तिसऱ्या संपल्या, तर हिशेबात बायकांचं नुकसान येतच नाही. मला हे फार खटकतं. खाडीत कुठे काय मिळायचं आणि आता का मिळत नाही, हे या बायकांना पक्कं ठाऊक असतं. तेच कुणी विचारत नाही.

म्हणून समानता म्हणजे समितीत बायकांची दोन नावं घालणं नव्हे. वेचणी, वाळवणी आणि विक्री यांनाही मासेमारी मानायचं, नुकसानभरपाईत धरायचं. छोट्या मासेमारीबद्दलच्या एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्त्री-पुरुष समानता स्पष्ट मांडली आहे. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचतगट स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना खारफुटी दाखवतो. खारफुटी टिकली तरच त्यांची कमाई, त्यामुळे राखणही आलीच.

नाशिकचं म्हणाल तर इथे समुद्र नसला तरी पाणथळ जागा आहे: निफाडचं नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथल्या व्यवस्थापनाच्या बैठकीत काठावर मासे विकणाऱ्या, चारा कापणाऱ्या बायकांना बोलवा, आणि वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. सकाळी अकराला त्या बाजारात असतात.