गुडघा किती वाकतो ते घरी कळेल का?

प्रश्न: आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती गुहागरकडे गावी असते, दर आठवड्याला चिपळूणला फिजिओकडे नेणं जमत नाही. सेन्सर लावून घरीच मोजता येतं म्हणे, खरं का?

उत्तर: हो, येतं. एक सेन्सर मांडीला, एक नडगीला बांधतात, प्रत्येकाच्या आत ॲक्सेलरोमीटर (वेगातला बदल नि त्यावरून कल सांगणारा) नि जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा) असतो, दोन्ही सेन्सरच्या कलातला फरक म्हणजे गुडघ्याचा कोन. पण जायरोस्कोपचा आकडा हळूहळू आपोआप सरकतो आणि पट्टा घसरला की सगळंच चुकतं, आपल्याकडच्या घामात तर घसरतोच, म्हणून शून्य कुठे धरायचं, म्हणजे मोजणी कुठल्या स्थितीपासून सुरू करायची, ते पहिल्यांदा फिजिओकडूनच शिकून घ्या. पाखाडीच्या पायऱ्या चढायला साधारण ९० अंश वाकावा लागतो, पण पाय पूर्ण सरळ होतोय का तेही बघा हं, ते बरेच जण विसरतात. आणि आकड्यासाठी दुखत असताना जोर नका लावू देऊ.