पावडर कोटिंगचा टिकाऊपणा : सुरुवातीला एवढे पाहा

पहिल्याच मोटारसायकलच्या फ्रेमसाठी पावडर कोटिंग (धातूवर कोरडी रंगीत पावडर लावून ती भट्टीत भाजून केलेला थर) निवडले असेल, तर उत्तम. मात्र त्याचा टिकाऊपणा रंगाच्या छटेपेक्षा खालच्या धातूच्या तयारीवर ठरतो, आणि नवशिके नेमके तिथेच घाई करतात. तेलकटपणा, जुना रंग आणि गंज पूर्ण काढून सँडब्लास्टिंग (वाळूसारख्या कणांचा जोरदार मारा करून धातू साफ करणे) केले नाही, तर वरून चकचकीत दिसणाऱ्या थराखाली गंज पसरत राहतो आणि पुढे तो थर पापुद्र्यासारखा सुटतो.

भाग कोटिंगला देण्यापूर्वी :
- बेअरिंग, रबर व सील काढा. भट्टीचे तापमान साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअस असते.
- बोल्टचे आटे आणि बेअरिंग बसण्याच्या जागा झाकून घ्यायला सांगा.
- उन्हात राहणाऱ्या भागांना निव्वळ इपॉक्सी प्रकारची पावडर नको, पॉलिएस्टर प्रकारची घ्या.

सायलेन्सरला साधी पावडर लावू नका. खडी लागून टवका उडालाच (तो उडतोच!), तर उघडा धातू लगेच रंगाने झाका.